बाबांच्या झग्याची किनार

रम, ४ नोव्हेंबर २००६

दैफल्ला, माझ्या आईच्या लेका,

अल्लाहचं नाव घेऊन आणि रिहाबबाईंच्या धाकानं हे पत्र लिहायला बसले आहे. अक्षर बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. तुझी बहीण फिद्दा एकोणपन्नासाव्या वर्षी शाळेत जायला लागली आहे, एवढंच.

मुलींची शाळा सुटली की त्याच बाकांवर आम्ही बाया बसतो. बाक इतके लहान आहेत की उम्म हमद एकदा बसली की तिला दोघींनी ओढून काढावं लागतं. बाई करक शहरातल्या आहेत, वयानं माझ्या वदहापेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील, पण डोळे वटारले की आमची पाचावर धारण बसते. या आठवड्याचा गृहपाठ असा, की एका जिवंत माणसाला पत्र लिहायचं आणि ते खरोखर पाठवायचं. उम्म हमदनं नवऱ्याला लिहिलं. तो शेजारच्या खोलीतच बसलेला असतो. तिनं नेऊन दिलं तर म्हणाला, "वाचून दाखव, माझा चष्मा सापडत नाही."

मी तुला लिहिते आहे. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस. "बरा आहेस का?" हं. "उंट कसे आहेत?" हं. त्या अल-ऐनच्या शेखाच्या उंटांशी तरी याहून जास्त बोलत असशील. पत्रात मध्येच "हं" म्हणता येत नाही, म्हणून मला हा प्रकार आवडला.

तर बातमी. वदहाचं लग्न ठरलं. मुलगा दीसा गावचा, शिक्षक आहे, मान खाली घालून बोलतो. त्याचे वडीलधारे आले, तुझ्या मेहुण्यांनी, स्वेलिमनी कॉफी ओतली, तर त्यांच्या म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मागणं मान्य होईपर्यंत घोट घेणार नाही." तुझे मेहुणे कसले! लगेच हो म्हणायचं सोडून पावसाच्या गप्पा मारत बसले. कॉफी गार झाली, म्हाताऱ्याचा घसा कोरडा पडला. शेवटी मी पडद्यामागून खोकले तेव्हा म्हणाले, "प्या, प्या, मुलगी तुमचीच."

आणि तो मुलगा ठरायच्या आधीच तीनदा आमच्या घरावरून फिरून गेला होता. त्याला वाटलं कुणाला कळलं नाही. मी सकाळी अंगणाबाहेर वाळू बघितली, उजवी टाच घासत चालतो. वदहाला म्हटलं, "माणूस बरा आहे, पण चपला फार लागतील."

लग्न मार्चच्या शेवटी आहे. मुलीला एकच मामा. तिनं विचारलं, "येईल का गं?" मी म्हटलं, त्याला रजा मिळत नाही. सात वर्षं आठ महिने एकाच माणसाला रजा मिळत नाही, हे तिला पटलं असेल असं नाही.

इथे सगळे बरे आहेत. ती जुनी गोष्ट कुणी काढत नाही. माझा डावा पाय थंडीत ठणकतो आणि अजून तसाच बाहेर वळतो, तुझी कृपा. डोंगरातल्या धाकट्या दगडी कमानीवरून कोण आधी उडी मारतो ही पैज तूच लावली होतीस. मी जिंकले होते, हेही लक्षात ठेव.

बाई म्हणतात, शेवटी सही करा. ही केली.
फिद्दा


रम, २८ नोव्हेंबर २००६

दैफल्ला,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशा नव्हती, तरी अकाब्याहून बस आली की ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत होते.

आज मात्र गृहपाठ नाही. आज लिहिल्यावाचून राहवत नाही. उर्स आला आहे. हो, तोच. तू वाटाड्या होतास तेव्हाचा तुझा तो स्विस मास्तर.

परवा दुपारी जीपमधून उतरला. केस पांढरे, हातात काठी, डावा गुडघा जेमतेम वाकतो. मला बघून म्हणाला, "सलाम, फिद्दा. दैफल्ला कुठे?" अरबी तेवढंच, जेवढं तू शिकवलंस. बाकीचं बोलणं वदहाच्या इंग्रजीतून. त्याला वरच्या मोठ्या दगडी कमानीवर जायचं होतं, पायी, आणि तुझ्याबरोबर. म्हणाला, "तेव्हा अर्ध्या वाटेवरून मला पाठीवर उतरवून आणलंस, म्हणावं, आता उरलेली अर्धी दाखव."

तू नाहीस म्हटल्यावर तो आमच्या ओट्यावर बसला. जवान वाटाड्यांना विचारलं. कुणाला वेळ नाही. दोन तासांच्या चढणीला हा अख्खा दिवस लावणार, हे सगळ्यांनी पायाकडे बघूनच ओळखलं. मग मी म्हटलं, मी नेते.

स्वेलिम म्हणाले, "तू? परक्या पुरुषाला घेऊन? डोंगरावर?"

"मग तुम्हीही चला. माझी अब्रू सांभाळा आणि पाण्याचा डबाही."

काल सकाळी निघालो. धाकट्या कमानीखाली चार जीपा उभ्या होत्या आणि लोक एकमेकांचे फोटो काढत होते. त्यांना वळसा घालून आपण शेळ्या न्यायचो त्या घळीतून वर चढलो. दैफल्ला, मी आठ वर्षांत या वाटेला गेले नव्हते. पाय विसरले नव्हते. आजोबा रानबोकडाच्या मागे जायचे तेव्हाच्या हाताच्या खोबणी अजून तशाच आहेत, बोटं आपोआप त्यांत जातात. उर्स बसून बसून, सरकत सरकत चढत होता. मी वरून हात द्यायची, तो काठी माझ्याकडे फेकायचा, मग स्वतः यायचा. एकदाही कण्हला नाही. कण्हायचं काम स्वेलिमनी घेतलं होतं. दुसऱ्या कातळावर ते पसरले आणि म्हणाले, "मी इथूनच अब्रू सांभाळतो. इथून सगळं दिसतं."

त्याच्या वर ती जागा. जिथे वाट डावीकडे वळते आणि उजवीकडे ती निमुळती कड जाते. मी न बघता पुढे निघाले होते. मागून काठीचा आवाज थांबला. उर्स म्हणाला, "इथे."

मग तो बोलत राहिला आणि वदहा नव्हती तरी मला सगळं कळलं, कारण तो हातांनी दाखवत होता. धुळीचं वादळ. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. इथे दगडांची लगोरी होती, वाट दाखवायला आपण रचतो तशी. तू तिच्याकडे बोट दाखवलंस आणि उजवीकडे वळलास. तो मागोमाग. कड ढासळली.

पुढचं मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी आपल्या टोळीच्या शेख मरईंनी माणसं घेऊन जागा बघितली, तर लगोरीचा पत्ता नाही. तू म्हणालास, "होती." ते म्हणाले, "वाट चुकणं माणसाकडून होतं, दैफल्ला. पण चूक लपवायला खोटं बोलणं तुझ्या बापाच्या घरात नव्हतं." तू परत एक शब्द बोलला नाहीस. दहा दिवसांनी गेलास. जायच्या आधी मी तुला बाबांचा झगा शिवून दिला होता, आठवतं? किनारीची पार चिंधी करून आणली होतीस. तपकिरी दोरा नव्हता म्हणून काळ्यानं शिवला आणि वर तुलाच बोलले.

असो. आम्ही कमानीवर पोचलो. उर्सनं काठी ठेवली आणि कमानीच्या मधोमध चालत गेला, दोन्ही बाजूंना खोल, वारा भणभणतोय. मी "अल्लाह, अल्लाह" करत डोळे मिटून घेतले. उघडले तर तो मध्यावर बसून हसत होता आणि रडतही होता. मी काटक्या पेटवून चहा केला. मग त्यानं खिशातून फोटो काढला.

त्याचा कॅमेरा त्या दिवशी फुटला होता, हे खाली आल्यावर वदहाकडून कळलं. आतलं रीळ तसंच पडून राहिलं. गेल्या वर्षी घर बदलताना सापडलं, धुऊन घेतलं. बहुतेक सगळं काळं. एक आलाय. सगळीकडे पिवळी धूळ आणि मध्ये तू, रुमाल तोंडावरून खाली ओढलेला, दात दिसताहेत, आणि तुझा हात लगोरीवर. लगोरी. स्पष्ट. सात दगड, मी मोजले.

माझ्या हातातला चहा सांडला. आनंदानं.

फिद्दा


रम, ९ डिसेंबर २००६

दैफल्ला, आईच्या लेका,

एकदाचा निकाल लागला बघ!

उर्सनं फोटो इथेच ठेवला आणि स्वेलिम तो घेऊन शेख मरईंकडे गेले. सगळे पुरुष जमले होते. फोटो हातोहात फिरला. शेख आता नीट बघू शकत नाहीत, त्यांनी तो नाकाला लावून पाहिला. बराच वेळ. मग म्हणाले, "पोरगा खरं बोलत होता."

हे मला स्वेलिमनी सांगितलं. मग तुझा तो जुना वैरी, अबू नायिफ, तोच म्हणाला, "कुणा पर्यटकानं रचली असेल. हल्ली जिथे बघावं तिथे रचून ठेवतात. आपली शेळी वाट चुकेल अशी दशा आहे." सगळ्यांनी मान डोलावली. ठरलं. पर्यटकाचं काम. शेखांनी सांगितलं, दैफल्लाला कळवा, त्याच्यावर आमचा कसलाही आळ नाही, आणि त्याच्या जागेवर तो येऊन बसला तर आमच्या मानेवरचं ओझं उतरेल.

सुंठीवाचून खोकला गेला. आता कुणी दोषी नाही, कुणी खोटा नाही, आणि तो पर्यटक कुठल्या देशात आहे ते अल्लाहला माहीत. झालं गेलं वाळूला मिळालं. ईदला ये. नाही जमलं तर मार्चमध्ये लग्नाला ये. वदहाला मी सांगून टाकलंय, मामा येणार. मी काल तुझ्या खोलीतली खोगिरं आणि पोती बाहेर काढली, उन्हात गाद्या टाकल्या. तुझं जमीद, ते वाळवलेलं दही, भरपूर केलंय. तुझे मेहुणे म्हणतात, "तो येईपर्यंत उरलं पाहिजे." त्यांच्यावर पाळत ठेवली आहे.

बाईंनी माझं इथपर्यंतचं पत्र वर्गात वाचलं. म्हणाल्या, "फिद्दा, किती आनंदी पत्र आहे!" मलाही तसंच वाटलं.

तुझी बहीण
फिद्दा


रम, ६ जानेवारी २००७

दैफल्ला,

तुझं पत्र आलं. सात वर्षांतलं पहिलं. पाकीट एवढं मोठं आणि आत तीन शब्द.

"मग पाडली कुणी?"

पत्र वाचलं तेव्हा मी पीठ मळत होते. हात तसेच राहिले.

मी तुला उत्तर लिहिलं होतं. दोन लिहिली. एकात लिहिलं होतं की वादळानं पडली असेल. दुसऱ्यात रानबोकडानं. दोन्ही चुलीत घातली. सात चपटे दगड, एवढाले, वारा पाडत नाही आणि पाडलेच तर ते तिथेच पडलेले दिसतात. शेखांच्या घरात पंचवीस पुरुष बसले होते, सगळे या डोंगरांत वाढलेले, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. की आलं आणि कुणाला नको होतं, ते मला माहीत नाही. तुझ्या आलं.

हे पत्र बाईंना दाखवणार नाही. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं.

मी पाडली.

रचलीही मीच. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. त्या कडेपलीकडच्या खळग्यात पाणी साठलं होतं आणि वदहा पहिल्यांदा एकटी शेळ्या घेऊन तिकडे जाणार होती. बारा वर्षांची होती. तिला पाणी सापडावं म्हणून मी खूण ठेवली. आईची रीत तुला ठाऊक आहे. वाटेची लगोरी पुरुषांची, पाण्याची लगोरी बायकांची, आणि पाण्याच्या लगोरीवर पांढरा दगड ठेवायचा, म्हणजे कुणी तिला वाट समजणार नाही. आईनं आपल्या दोघांनाही हे कान धरून शिकवलं होतं. त्या दिवशी मला वर पांढरा दगड सापडला नाही. म्हटलं, खालून येताना आणू. शेळ्या पांगल्या, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आणू. राहून गेलं. तिसऱ्या दिवशी तू उर्सला घेऊन गेलास.

त्या संध्याकाळी तू अंगणात सांगत होतास, "लगोरी होती," तेव्हाच मला कळलं. आणि अकाब्याहून आलेला तो पोलीस म्हणाला, "ज्यानं रचली असेल त्याला आत टाकीन." मी पहाटे, कुणी उठायच्या आत, वर गेले आणि एकेक दगड दरीत फेकला. मग शेळ्या घेऊन पलीकडच्या अंगानं घरी आले. कुणी बघितलं नाही.

मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली आहेत. स्वेलिमना वाटाड्याचा परवाना मिळायचा होता. वदहाचं नाव निघालं असतं. बाईमाणूस चौकीवर गेली असती तर घराण्याचं काय झालं असतं. खरं सांगते, मला भीती वाटली. बाकीची कारणं नंतर सुचली. त्यांनी तुला खोटा म्हटलं तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे बसले होते, चार हातांवर. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. एरवी माझी जीभ गप्प बसत नाही हे तुला माहीतच आहे.

आणि फोटो आल्यावरही मी तो पर्यटक आनंदानं गिळला. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तेही झालं नाही. तुझी खोली झाडत गाणं म्हणत होते. याची मला जास्त लाज वाटते.

मी तुझ्या दारी येऊन रीतसर बसू शकत नाही. अल-ऐन लांब आहे, आणि बाईच्या वतीनं कोण वडीलधारे जाणार? म्हणून आज सकाळी कॉफी केली, एक कप भरला आणि खिडकीत ठेवला. दोन मागण्या आहेत. मला माफ कर, आणि घरी ये. तू "पी" म्हणेपर्यंत कॉफीचा घोट घेणार नाही. या कपाचा नाही, कुठल्याच कपाचा नाही. हसू नकोस. माझं कॉफीशिवाय काय होतं ते तू पाहिलेलं आहेस.

फिद्दा


रम, २३ जानेवारी २००७

दैफल्ला,

तुला सांगितलं आणि पुरुषांना सांगितलं नाही, तर ते अर्धंच झालं असतं. म्हणून सांगितलं.

आधी स्वेलिमना. ते दोन दिवस नुसते आत-बाहेर करत राहिले. जेवले मात्र, काळजी करू नकोस. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "साऱ्या रममध्ये सगळ्यांत बडबडी बाई मी केली, आणि नेमकी एवढीच गोष्ट तिनं पोटात ठेवली." मग म्हणाले, "चल, चप्पल घाल."

शेख मरईंच्या बैठकीत बायका जात नाहीत. मी गेले. दारातच उभी राहिले आणि आईची पांढऱ्या दगडाची रीत सांगितली, मग बाकीचं. अबू नायिफ काही बोलायला निघाला तर शेखांनी हात वर केला. ते म्हणाले, "पोरी, त्याला खोटा आम्ही म्हटलं. ते आमचं, त्याची माफी आम्ही मागू. तू गप्प राहिलीस, ते तुझं. ते आमच्यानं मिटणार नाही. तुझं तू बघ." मला कॉफी दिली. मी सांगितलं, पीत नाही, आणि का ते सांगितलं. मग त्यांनीही आपला कप खाली ठेवला. म्हातारा माणूस, त्याला दुसरी कसली चैन आहे? मी पुष्कळ विनवलं. ऐकत नाहीत. तेव्हा लवकर काय ते कळव, नाहीतर त्यांच्या सुना मला गावात राहू देणार नाहीत.

बायका माझी चेष्टा करतात. उम्म हमद आपला कप घेऊन मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसते आणि म्हणते, "फिद्दा, वास तरी घे." वदहा माझ्याशी पाच दिवस बोलली नाही. मग एका दुपारी घाईघाईत बाहेर गेली आणि मूठभर पांढरे दगड आणून माझ्या पुढ्यात ठेवले. म्हणाली, "आता कमी पडायचे नाहीत." आम्ही दोघी रडलो.

माझं डोकं सतरा दिवस दुखतंय. खिडकीतल्या कपात धूळ पडत होती म्हणून वदहानं वर बशी झाकली आहे. वर्गात बाईंनी विचारलं, "फिद्दा, डोळे का सुजलेत?" म्हटलं, अभ्यास फार करते.

तू नाही म्हणालास तरी मला चालेल, असं लिहायचं होतं. पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. चालणार नाही.

फिद्दा


अल-ऐन, ८ फेब्रुवारी २००७

फिद्दा, माझ्या आईच्या लेकी,

मला कुठल्या बाईंचा धाक नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू लिहितेस, कुणी बघितलं नाही. शाबास. जावयाची टाच वाळूत वाचतेस आणि स्वतःचे पाय विसरतेस?

त्या सकाळी मी शेखांच्या जीपची वाट न बघता पुढे चालत गेलो होतो. सूर्य नुकताच वर आला होता. डोंगराच्या पायथ्याशी वाळूत पावलं होती, कातळाकडे जाणारी. डावा पाय बाहेर वळलेला. रममधलं शेंबडं पोरगंही सांगेल ती कुणाची. मी तिथेच उभा राहिलो. मागून जीपचा आवाज येत होता. मग अंगावरचा बाबांचा झगा काढला आणि पावलांवरून ओढत कातळापर्यंत गेलो. वाटेतल्या काटेरी झुडपात अडकून किनार फाटली. ते आले तेव्हा वाळू साफ होती. त्यांनी विचारलं, लगोरी कुठे आहे. मी म्हणालो, होती.

तू तो झगा शिवायला घेतलास. मी समोर बसलो होतो. म्हटलं, आता बोलेल. तू टाके घालत होतीस आणि म्हणत होतीस, "एवढा घोडा झालास तरी कपडा सांभाळता येत नाही." मी वाट बघत होतो. तू शेवटचा टाका घातलास, दातानं दोरा तोडलास, झगा माझ्या अंगावर फेकलास. बोलली नाहीस.

लोकांनी खोटा म्हटलं म्हणून मी गेलो नव्हतो, फिद्दा. लोकांचं काय. तू एकदा मला सांगायला हवं होतंस. मला एकट्याला, कानात. मग मी तुझ्यासाठी जन्मभर खोटा राहिलो असतो आणि घरीच राहिलो असतो. फोनवर मी "हं" म्हणायचो ते, तू आता बोलशील म्हणून.

सात वर्षं फार राग होता. आता बघतो तर तुझं पत्र वाचून वाचून घडीवर फाटलंय आणि राग कुठे गेला ते सापडत नाही. उशीर का लागला असं कुणी विचारलं तर सांगेन, बहिणीला लिहिता येत नव्हतं.

शेख मरईंना सांग, कप उचला. त्या म्हाताऱ्याला माझ्यापायी उपाशी ठेवू नका. खिडकीतली गार कॉफी अंगणात ओत. आणि तू पी, वेडे. आजच पी. वेलदोडा जास्त घाल.

रजा मागितली, मिळाली. वदहाला म्हणावं, मामा लग्नाच्या आठ दिवस आधी येतोय, आणि जमीदवर पाळत चालू राहू दे. उर्सलाही कळव. त्याच्याबरोबर कमानीवर जायचं माझं राहिलंय.

बाबांचा झगा घालून येईन. काळा दोरा लांबून दिसतो, पण तुझे टाके अजून उसवलेले नाहीत.

दैफल्ला